दारावरचं वाक्य

१२ जानेवारी २००४, सोमवार

आज गावाला इंटरनेट देणाऱ्या सहकारी संस्थेच्या मंडळाची बैठक झाली. विषय एकच, टपाल. काल चोवीस तासांत आमच्या मेल सर्व्हरवर साडेचार हजार ई-मेल आल्या आणि त्यांत खऱ्या चारशेही नव्हत्या. बाकी पौरुषाच्या गोळ्या, खोटी घड्याळं आणि कुठल्यातरी मेलेल्या राजपुत्राचा खजिना. फादरांच्या पेटीत काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसते कानापर्यंत लाल झाले.

ह्युई बीटन अध्यक्ष आहे. बोट चालवतो तसंच मंडळ चालवतो, म्हणजे डोळे अर्धे मिटून. तो म्हणाला, "इशबेलबाई, तीनशे चाळीस सभासद आहेत. निम्मे मोठ्या कंपनीकडे निघालेत. तुम्हीच काहीतरी करा."

पगार नाही, मान नाही, पण करायचं मीच. विद्यापीठाच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढली, ती काय या खेडेगावाचा उकिरडा उपसायला? तरी हो म्हटलं. मी नाही केलं तर कोण करणार? या गावात मॅकनील आडनावाची अकरा घरं आहेत, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. माझं 'इशबेल मशीन'. एकदा नाव पडलं की निभवावं लागतं.

१४ जानेवारी, बुधवार

मर्डिनाचं नाताळचं कार्ड अजून फ्रिजवर लावलेलं आहे. तीन वर्षांनी आलेलं पहिलं. आत तीन ओळी: "मी कॉम्प्युटर घेतला आहे, हस नकोस. फोनवर आपण दोघी बोललो की भांडतो, तेव्हा लिहून बघू. तुझा ई-मेलचा पत्ता दे."

माझी धाकटी बहीण. सव्वीस वर्षं देशाच्या पार पश्चिमेला आल्बर्टात तेलवाल्यांच्या छावण्यांत शेकडो पुरुषांचा स्वयंपाक करते आणि आई वारली तेव्हा तिला चार दिवस मिळाले नाहीत. सहा वर्षं आईचं अंथरूण मी बदललं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, "इशबेल, मला जमत नाहीये." का, ते सांगेना. मी म्हटलं, "तुला इथे कुणी बोलावलंच नव्हतं." तिने फोन ठेवला. तेव्हापासून एक शब्द नाही.

उत्तर द्यावं की नाही यावर तीन आठवडे घालवले. आज पोस्टकार्डावर पत्ता लिहिला, खाली "लिहायचं तर लिही" एवढंच. पेटीत टाकून आले. उणे अठरा होतं.

१९ जानेवारी, सोमवार

आठवडाभर याद्या वाचतेय. इंटरनेटवर काही लोक अशा काळ्या याद्या चालवतात. दारात ई-मेल आली की आमचं यंत्र तिच्या मूळ यंत्राचा आकडी पत्ता यादीला विचारतं: हा ओळखीचा चोर आहे का? हो म्हटलं तर दार बंद. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

यादी निवडणं सोपं नाही. एक यादी सावध आहे: पुरावा असेल तरच नाव घालते आणि आठवडाभर कुरापत नसेल तर काढून टाकते. दुसरी घरगुती फोनलाइनींची: कंपनीला वगळून तिथून परस्पर आलेलं टपाल बहुधा चोराचंच. तिसरी मला आवडली. ती चोराचं नाव घालते, त्याला जागा देणारी कंपनी ऐकत नसेल तर चोराच्या शेजाऱ्यांची घालते, तरी ऐकत नसेल तर अख्खी गल्ली. निरपराध गिऱ्हाईकं ओरडली की कंपनी आपोआप चोराला हाकलते.

जोसीला हे सांगितलं. जोसी लेब्लां संस्थेच्या काउंटरवर बसते, बावीस वर्षं, आणि मला न घाबरणारी गावातली एकुलती बाई आहे. म्हणाली, "म्हणजे शेजाऱ्याने खिडकी फोडली की माझी भाकरी बंद?"

"तुझ्या ओरडण्याने तो सुधारतो."

"मी ओरडेन कुणापुढे? तू तर दार लावून बसलीस."

मी तिला सिस्टर अन्सेल्मची गोष्ट सांगितली. कॉन्व्हेंटमध्ये दुसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. एकदा वर्गातल्या छोट्या वेदीच्या कापडावर कुणीतरी शाईची दौत सांडली. कुणी कबूल होईना. सिस्टरने दोन्ही वर्ग उभे ठेवले, दुपारपासून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत. मर्डिना तेव्हा सात वर्षांची. बाहेर जाऊ दिलं नाही, तिचे मोजे ओले झाले, पण ती बसली नाही. त्या वर्षी पुन्हा शाई सांडली नाही.

जोसी म्हणाली, "आणि सांडली कुणी होती?"

मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

तिन्ही याद्या लावल्या. ह्युईचं म्हणणं होतं, संशयित टपाल परत न पाठवता वेगळ्या कप्प्यात टाकावं, ज्याला हवं तो चाळेल. मी म्हटलं, तीनशे चाळीस कप्पे कोण चाळणार, तू? आणि गुपचूप फेकून देणं हा भेकडपणा आहे. दारातूनच परत पाठवलं म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की टपाल पोचलं नाही. हा प्रामाणिक मार्ग आहे. माझं अजूनही तेच मत आहे.

परत पाठवताना यंत्र एक वाक्य सोबत देतं. ते आपण लिहायचं असतं. बहुतेक जण आकडे आणि संक्षेप लिहितात, कुणाला काही बोध होत नाही. मी माणसाच्या भाषेत लिहिलं:

"तुमच्या पत्राला या दारात जागा नाही. आपण कुणाच्या संगतीत राहतो ते आधी पाहा. पुन्हा लिहिण्याची तसदी घेऊ नका. — इशबेल मॅकनील"

जोसीने वाचलं आणि चष्मा काढला. "नाव कशाला?"

"जे बोलायचं त्याखाली सही करायची. सह्या न करणारे लोक आणि हे गोळ्या विकणारे यांत फरक काय?"

"मग निदान संस्थेचा फोन नंबर तरी घाल. चुकून कुणी अडलं तर?"

"म्हणजे जगातले सगळे भामटे मला फोन करतील."

"तुला कुणीतरी केलेला बरा," असं म्हणून ती चहा करायला गेली.

२१ जानेवारी, बुधवार

आलेल्या: ४,७०२. परत पाठवलेल्या: ४,२५५. फादरांनी रस्त्यात थांबवून दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी म्हटलं, सोडा, निसरडं आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

मर्डिनाचं काही नाही. पोस्टकार्ड पोचून आठवडा तरी झाला असेल. विचारायचं स्वतः आणि लिहायचं नाही. लहानपणापासून तशीच. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात रविवारी जेवण झालं की एक वाजता पत्रांचा तास असे. मी पहिल्या दहा मिनिटांत घरी दोन पानं लिहून मोकळी व्हायची आणि ही पेन्सिल चावत बसायची. तास संपेपर्यंत ओळी चार.

९ फेब्रुवारी, सोमवार

ह्युई आला, टोपी हातात. लूननबर्गच्या कुणा माणसाकडून बोटीच्या इंजिनाच्या भागांची यादी यायची होती, ती अडली. त्याला माझं वाक्य मिळालं.

"तो म्हणतो, या बाईचं मी काय वाकडं केलं?"

"त्याने कंपनी बदलावी."

"इशबेलबाई, तो साठीचा आहे. त्याच्या मुलीने त्याला ते लावून दिलंय. त्याच्यापुरती सूट देता येत नाही?"

देता येते. एक ओळ लिहायची, एवढंच काम. पण एकाला दिली की दुसरा येतो आणि मग यादी कशाला ठेवायची? हे मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. त्याने टोपी घातली. "बरं. फॅक्स मागवतो," म्हणाला. जाताना दार हलकेच लावलं, त्याचाच मला जास्त राग आला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मी रोजची नोंदवही पाहते ती एकत्रित: कुठल्या आकडी पत्त्यावरून किती आल्या, कधी आल्या. कुणाच्या नावाच्या होत्या ते पाहत नाही. दुसऱ्याची पाकिटं उलटीसुलटी करण्याची सवय मला नाही.

आज एक गंमत दिसली. आल्बर्टातल्या एका छोट्या कंपनीच्या पत्त्यावरून दर रविवारी बरोबर चारच्या सुमारास एकच ई-मेल येते. पंचवीस जानेवारीपासून चारही रविवार. ही कंपनी तिसऱ्या यादीत गल्लीसकट आहे, कारण गोळ्यांचा मोठा व्यापारी तिच्याकडे भाड्याने राहतो. जोसीला म्हटलं, "एवढा नेमाने येणारा चोर मी पाहिला नाही. चर्चमधली मिस्सा चुकवत असेल, पण हा वार चुकवत नाही."

जोसी म्हणाली, "आल्बर्टात तुझी बहीण असते ना?"

"आल्बर्टात तीस लाख लोक असतात."

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन संस्थेत गेले. प्रायश्चित्तकाळात चहातली साखर सोडली आहे. जोसी म्हणाली, "साखरेने कुणाचं काय बिघडवलंय? जिभेचा उपवास कर की."

मर्डिनाचं काही नाही. मीच लिहावं का? तिचा ई-मेल पत्ता माझ्याकडे नाही, घरचा आहे. पण लिहायची पाळी तिची आहे. मी पत्ता दिला आहे. दार उघडलं आहे. त्यातून ती आत येत नसेल तर मी काय रस्त्यावर जाऊन तिला ओढू?

१५ मार्च, सोमवार

परवापासून बर्फ. संस्थेचं छप्पर गळतंय, यंत्रावर मेणकापड टाकलं आहे. आल्बर्टाचा चोर कालही हजर. आता तर मला त्याची सवय झाली आहे. काल चार वाजता मुद्दाम पडद्यासमोर बसले आणि ओळ उमटताना पाहिली. चार वाजून सहा मिनिटं. आला, दार वाजवलं, परत गेला. मला क्षणभर वाटलं, विचारावं, बाबा तुला हवंय तरी काय.

आईच्या खोलीतला पलंग झाडून काढला, स्वच्छ चादर घातली. कशासाठी ते मला विचारू नये. उन्हाळ्यात कुणी आलंच तर.

२९ मार्च, सोमवार

आल्बर्टावाला काल आला नाही. शेवटचा एकवीस तारखेला. जोसीला सांगितलं, "बघ, नऊ आठवड्यांत सुधारला. कंपनीने हाकलला असणार. माझी पद्धत चालते."

ती चहा करायला गेली.

१ एप्रिल, गुरुवार

सकाळी सव्वानऊला फोन. शॅनन, मर्डिनाची मुलगी. मी तिला ती अकरा वर्षांची असताना शेवटचं पाहिलं होतं. आवाज हुबेहूब मर्डिनाचा, म्हणून मी "अखेर केलास का फोन" असं म्हणून बसले.

ती म्हणाली, "मावशी, मी शॅनन. आई गेली. शनिवारी. काल दफन झालं."

मी काय म्हटलं आठवत नाही. बहुधा, मला आधी का नाही कळवलं, असं.

"तुम्हाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईने नाही, मी. ती शेवटपर्यंत म्हणत होती, इशबेलचा राग उतरायला वेळ लागतो, मी लिहीत राहते."

मी म्हटलं, तिने एक ओळही लिहिली नाही.

मग शॅनन म्हणाली, "नऊ पत्रं लिहिली मावशी तिने. दर रविवारी, जेवण झालं की. आधी एका बोटाने टाइप करायची, नंतर मी लिहून घ्यायचे. आणि दर वेळी पाच मिनिटांत तुमचं उत्तर यायचं. तुमच्या सहीचं. माझ्याकडे छापलेलं आहे, वाचू?"

मी नको म्हटलं. तिने वाचलं.

आपण कुणाच्या संगतीत राहतो ते आधी पाहा. मी म्हटलं, ते यंत्र आहे शॅनन, ते तिला नव्हतं, ते मी कुणालाच लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "नाव तुमचं आहे. मी आईला म्हटलं, फोन कर, कार्ड टाक. ती म्हणाली, इशबेलने सही केली आहे, सही केलेलं ती मागे घेत नाही. पण पत्ता तिने स्वतः दिलाय, तेव्हा तिथेच लिहिणार, कधीतरी उघडेल."

"तिला काय झालं होतं?"

"ते तिसऱ्या पत्रात होतं."

मग मी विचारलं, आई वारली तेव्हा ती का आली नाही? शॅनन म्हणाली, "ते दुसऱ्यात होतं." आणि ठेवते म्हणाली, कारण घरी लोक आले होते.

त्याच दिवशी, नंतर

रविवारी जेवण झालं की. एक वाजता. त्यांचा एक म्हणजे आमचे चार.

एकतीस वर्षं मी वेळेचे हिशेब बसवत होते, सगळ्या जगाच्या यंत्रांचे. हा तीन तासांचा फरक मला करता आला नाही.

२ एप्रिल, शुक्रवार

तिसरी यादी काढून टाकली. चार सेकंद लागले. मग सविस्तर नोंदवही उघडली, जी मी कधी उघडत नव्हते. तिचं नाव नऊ वेळा आहे. पत्रातला मजकूर नाही, तो कधी आत आलाच नाही. दारातच परत पाठवणं म्हणजे तेच. गुपचूप कप्प्यात टाकलं असतं तर आज ती नऊच्या नऊ इथे असती.

जोसी आली, बाजूला बसली. तिला सगळं कळलं होतं, गावात कळतंच. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, "चहात साखर घालतेय. गप्प पी." मी प्यायले.

ती म्हणाली, "कंपनीचीही चूक आहेच म्हणा. चोराला ठेवून घेतलं."

मी हो म्हटलं. दिवसभर तेवढं धरून बसले होते. संध्याकाळपर्यंत तेही हातात राहिलं नाही.

९ एप्रिल, गुड फ्रायडे

क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेले. गुडघे टेकवले तेव्हा जुनी खोली आठवली आणि ओल्या मोज्यांची मर्डिना.

इथे लिहिते, कारण आता हे माहीत असलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. दौत मी सांडली होती. फुलदाणी पुसायला गेले आणि बाही लागली. मर्डिना दारात उभी होती, तिने पाहिलं. नंतर चार तास ती वर्गात उभी राहिली, माझ्याकडे एकदाही न बघता, आणि रात्री मोजे धुताना एवढंच म्हणाली, "तुला उद्या सांगावंसं वाटलं तर सांग." मी नाही सांगितलं. साठ वर्षं होत आली. तिनेही नाही.

१४ एप्रिल, बुधवार

नवं वाक्य लिहायला बसले. सावध यादी आणि घरगुती फोनलाइनींची, या दोन राहू दिल्या आहेत. पण चुका त्यांच्याही होणारच. अकरा मसुदे केले. आयुष्यात प्रथमच मला खडूस वाक्य सोडून दुसरं सुचेना. शेवटी हे ठेवलं:

"तुमचं पत्र यंत्राने अडवलं आहे. माणसाने नाही. कृपया या क्रमांकावर फोन करा."

खाली माझ्या घरचा नंबर. ह्युईच्या लूननबर्गच्या माणसाला मी स्वतः फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "अहो, त्याचं काय एवढं." आणि मग वीस मिनिटं आपल्या गुडघ्याबद्दल बोलला. मी ऐकलं.

२२ एप्रिल, गुरुवार

शॅननचं पाकीट आलं, कागदाचं, पोस्टाने. आत एक छापील पान आणि एक चिठ्ठी: "हे पहिलं पत्र. बाकीची मला अजून द्यावीशी वाटत नाहीत. पुढे वाटलं तर बघू. तुमच्यावर रागावून थकले आहे."

मी तिला दोष देत नाही. दार लावायचं तिने माझ्याकडून शिकायला नको होतं, एवढंच.

पत्र इथे उतरवून ठेवते. पान सारखं उघडून घडीवर विरेल.

"इशबेल, हे एका बोटाने लिहिते आहे, एक तास झाला, तेव्हा चुका काढू नकोस. सिस्टर अन्सेल्म असती तर म्हणाली असती, मर्डिना, चार ओळी? आज आठ होणार आहेत. इथे उणे तीस. शेजाऱ्याचं कुत्रं माझ्या पायरीवरून हलत नाही, कारण मी त्याला बेकन घालते. मला आईच्या हातच्या ओटकेकची आठवण येते, तुला प्रमाण माहीत असेल तर पाठव, मला कधी जमले नाहीत. तुला सांगायचं बरंच आहे, तेव्हा मी का आले नाही तेही. पण आज हात दुखतोय. बाकीचं पुढच्या रविवारी. मर्डिना."

२५ एप्रिल, रविवार

प्रमाण असं: तीन वाट्या ओट, दोन वाट्या मैदा, एक वाटी चरबी, अर्धी वाटी साखर, मीठ, सोडा, गरम पाणी लागेल तितकं. पातळ लाटायचं. तिला जमत नसत कारण ती घाईने पाणी ओतायची. शॅननला पाठवते आहे. खाली सही न करता पाठवावं असं वाटलं, मग केली, नुसतं 'मावशी'.

तीन वाजता संस्थेत आले, कुलूप उघडलं. बंदरातला बर्फ फुटला आहे, ह्युईची बोट बाहेर गेली आहे. पडद्यासमोर बसले. चार वाजले. चार वाजून सहा मिनिटं झाली. हॅलिफॅक्सहून तीन आल्या, टोरोंटोहून एक, गोळ्यावाल्यांच्या बासष्ट परत गेल्या.

आल्बर्टाकडून कुणी आलं नाही. आता तिकडून कुणीही आलं असतं तरी यंत्राने आत घेतलं असतं. मी साडेपाचपर्यंत बसले.